दोन चाळण्या आणि अकरा कापडं

हा अंक तुमच्या हातात आहेच, तर आधी एक काम करा. एखादं रंगीत पान काढा, जाहिरातीचं असलं तरी चालतं, आणि त्याच्यावर भिंग धरा. घरात नसेल तर घड्याळवाल्याकडं मागा. डोळा अगदी जवळ न्या. फोटो गायब होतो. बाईचा गाल गायब, साडीचा पदर गायब. नुसती टिंबं राहतात. निळी, गुलाबी, पिवळी, काळी. कुठं मोहरीएवढी, कुठं खसखशीएवढी. भिंग बाजूला केलं की बाई परत हसायला लागते.

हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा सातवीतून शाळा सोडून, दोन-तीन ठिकाणी हमाली करून नुकताच छापखान्यात लागलो होतो. मी मोठ्यानं हसलो होतो, अजून आठवतं. एवढी मोठी फसवणूक आणि सगळी दुनिया राजीखुशीनं फसतेय! पुढं चाळीस वर्षं ह्याच टिंबांवर पोट भरलं. अजूनही घरात लग्नपत्रिका आली की मुहूर्त मागाहून, आधी भिंग.

लेख कसा लिहितात ते मला माहीत नाही. संपादकांना म्हणालो, बोलतो तसं लिहीन, आणि माझी एक अट आहे. ते हो म्हणाले. अट शेवटी सांगतो.

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आमचं प्रेस. बरीच वर्षं मी तिथं मशीनमन होतो. मग उभं राहून राहून गुडघे गेले, तेव्हा मालकांनी मला प्रूफच्या खोलीत बसवलं. आख्ख्या प्रेसमध्ये एसी त्याच एका खोलीत. माणसासाठी नव्हता, प्रिंटरसाठी होता, पण थंड मलाही वाटायचंच.

प्रूफ म्हणजे नमुना. मशीनवर हजारो कागद छापायच्या आधी एकच कागद मोठ्या इंकजेट प्रिंटरवर काढायचा, गिऱ्हाइकाला दाखवायचा आणि त्याची सही घ्यायची. सही झाली की तो कागद म्हणजे कोर्टातला कागद. मशीनवर तसंच आलं पाहिजे, नाही आलं तर प्रूफवाल्याची मान धरायची. मान माझी.

त्या प्रूफच्या सॉफ्टवेअरमध्ये एक खिडकी उघडायची आणि तिथं ड्रायव्हर निवडायचा. हा ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरनं प्रिंटरशी कसं बोलायचं ते ठरवणारा. त्याची दोन नावं होती, एक कन्टोन आणि एक हाफटोन. कन्टोन निवडला की कॉम्प्युटर म्हणतो, हा घे फोटो, इथं एवढा लाल पाहिजे, तिथं एवढा निळा, शाई कशी उडवायची ते तुझं तू बघ. मग प्रिंटर इतकी बारीक शाई उडवतो की डोळ्याला टिंब म्हणून दिसत नाही. लोण्यासारखं गुळगुळीत काम. हाफटोन निवडला की कॉम्प्युटर आधी स्वतः टिंबं पाडतो, उद्या छपाईच्या प्लेटवर जशी पडणार आहेत हुबेहूब तशी, आणि प्रिंटरला दम देतो की ह्यातलं एक टिंब इकडचं तिकडं करायचं नाही. ते प्रूफ जरा खरखरीत दिसतं. निघायला वेळ लई लागतो. पण मशीनवर जी भानगड होणार असेल ती त्याच्यात आधीच दिसते.

प्रेसमध्ये नवीन माणूस आला की मी त्याला सांगायचो, कन्टोन म्हणजे मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांपुढचं वागणं आणि हाफटोन म्हणजे लग्नानंतरचं. आमची कॉम्प्युटर सांभाळणारी स्वाती दर वेळी मधेच विचारायची, "काका, तुमच्या घरी कुठला ड्रायव्हर?" मी म्हणायचो, घरी मी प्रिंटर आहे, ड्रायव्हर ती.

ती, म्हणजे आमची मंडळी. तिचं नाव मी तोंडानं घेत नाही, आमच्यात घेत नाहीत. ही घरी फॉल-पिकोचं काम करायची. गुलमंडीतल्या दोन-तीन दुकानांच्या साड्या आमच्याकडं यायच्या. हिच्या हाताखालून किती साड्या गेल्या त्याची मोजदाद नाही. कापड बोटात धरलं की डोळे झाकून सांगायची, ह्यात सूत किती आणि भेसळ किती.

आता ती वर्षं सांगतो. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. पाऊस लागोपाठ दगा देत होता. जायकवाडीचा तळ दिसायला लागलेला. नळाला पाणी कधी येईल ते नळालाच ठाऊक. आणि त्याच वर्षांत शहर असं फुगत होतं की विचारू नका. जालना रोडला, बीड बायपासला, पैठण रोडला, जिकडं बघावं तिकडं नवीन बिल्डिंगा. त्या बिल्डरांची रंगीत पुस्तकं आमच्याकडं छापायला यायची. प्रत्येक पुस्तकात एक निळाशार पोहण्याचा तलाव असायचाच. प्रेसच्या दारात टँकरची वाट बघत ड्रम लावलेले आणि आत मी तलावाचा निळा रंग जुळवत बसलेलो. एक बिल्डर म्हणाला, पाणी अजून निळं करा. मी म्हणालो, साहेब, आहे कुठं पाणी? त्याला राग आला. मालकांनी मला बाहेर पाठवलं आणि आत जाऊन त्याला चहा पाजला.

बिल्डरला गुळगुळीत लागतं. भिंतीवर डाग नको, आभाळात टिंब नको. म्हणून आमच्या सॉफ्टवेअरवर कन्टोन ड्रायव्हर कायमचा लावून ठेवलेला. मी ती खिडकी महिनोन् महिने उघडत नव्हतो. इथंच माझी चूक सुरू झाली.

त्या उन्हाळ्यात बशीरचाचा आले. पांढरी दाढी, पांढरा कुडता, कमरेत थोडे वाकलेले. त्यांच्या घरात तीन पिढ्या हिमरूचे माग होते. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, हिमरू म्हणजे आमच्या गावचं सूत-रेशमाचं कापड, बारीक वेलबुट्टीचं. एके काळी नवाबांच्या शेरवान्या त्याच्याच व्हायच्या. चाचांच्या घरात एकच माग राहिला होता आणि तोही बंदच. पण त्यांच्या आजोबांनी विणलेली अकरा कापडं पेटीत होती. त्यांना कसर लागायला लागली होती. एका परगावच्या वस्तुसंग्रहालयानं म्हटलं, आम्ही सांभाळू. चाचांनी देऊन टाकायचं ठरवलं. न्यायला माणसं पुढच्या आठवड्यात शुक्रवारी येणार, जुम्म्याच्या नमाजानंतर. त्याच्या आधी ह्या अकरा कापडांचं पुस्तक करायचं. एका पानावर एक कापड, धागा न् धागा दिसला पाहिजे. घरातल्या पोरानातवांना दाखवायला दुसरं काही राहणारच नव्हतं.

"कपडा जाताय तो जाने दो, मियाँ," मला म्हणाले. "उसका चेहरा मेरे पास रैना."

फोटोग्राफरनं फोटो काढले. कापडं टेबलावर काटकोनात सरळ मांडून, इस्त्री केल्यासारखी. मी प्रूफ काढलं. काय दिसत होतं! कागदाला हात लावला तर बोटाला सूत लागेल असं वाटत होतं. चाचांनी कागद नाकाजवळ नेला, जणू वास घेतायत. डोळे भरले त्यांचे. सही केली, उर्दूत, आणि मला मिठी मारली. मी दिवसभर प्रेसमध्ये छाती काढून फिरलो.

प्रेसवाल्यांच्या घरी एक रिवाज असतो. जादा प्रूफं, बिघडलेले कागद घरी न्यायचे. पोरांच्या वह्यांना कव्हर, स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर अंथरायला तोच कागद. आमच्या फळ्यांवर थरावर थर होते. माझी आख्खी नोकरी तिथं अंथरलेली. त्या संध्याकाळी मी हिमरूचं एक जादा प्रूफ घरी नेलं. हिनं ते उजेडाला धरलं. बराच वेळ बघितलं.

"आवं, हे असंच छापून येणार व्हय?"

मी म्हणालो, मग काय, प्रूफ आहे ते.

"खालच्या फळीवरल्या कॅलेंडरात ती बारीक चौकड्याची साडी हाये ना, तिच्यावर लहरी आल्यात. ही वीण तर तिच्याहून बारीक. हिच्यावर कशा नाय आल्या?"

आता बघा. तिचा प्रश्न सोन्यासारखा होता. इतक्या वर्षांत मालकानं, गिऱ्हाइकानं, कुणी मला इतका मुद्द्याचा प्रश्न विचारलेला नव्हता. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "तू फॉल लाव. छपाईचं मला शिकवू नको."

तिनं कागदाची घडी केली, ज्वारीच्या डब्याखाली सारली आणि पिकोच्या मशीनवर जाऊन बसली. वाकून खालच्या फळीवरचं कॅलेंडर बघायला मला दोन मिनिटं लागली असती. गुडघ्यांचं निमित्त होतं.

मंगळवारी सकाळी पुस्तक मशीनवर चढलं. चाचा पहाटेच्या नमाजाचेच कपडे घालून, खांद्यावर त्या अकरातलं एक कापड टाकून आले होते. मशीन सुरू झालं, शे-दोनशे कागद गेले, मशीनमननं एक कागद काढून टेबलावर ठेवला. चाचा वाकले. खांद्यावरचं कापड काढून त्याच्या शेजारी ठेवलं. मग माझ्याकडं बघितलं.

"मियाँ, मेरे कपडे पे ये लहरां कायकू?"

लहरीच होत्या. दगड टाकल्यावर विहिरीत उठतात तशा, आख्ख्या कापडावरून आडव्यातिडव्या गेलेल्या. बुट्टी बुडालेली, धाग्याचा पत्ता नाही. 

त्या वर्षी आमच्याकडं काही बिघडलं की एकच उत्तर होतं, टँकरचं पाणी. ऑफसेट मशीनला शाईइतकंच पाणी लागतं. प्लेटवर जिथं शाई नको तिथं पाणी बसतं, असा तो खेळ आहे. टँकरचं पाणी जड, क्षाराचं, त्यानं प्लेट खराब व्हायची हे खरंच. मग काय, मशीन थांबवलं, रोलर धुतले, टाकी रिकामी केली. मालकांनी पिण्याच्या पाण्याचे जार मागवले आणि मशीनला पाजले. त्या दिवशी आम्ही कामगार टँकरचं पाणी प्यायलो आणि मशीन जारचं. दुपार झाली. परत कागद काढला. लहरी तिथल्या तिथं, केसभर हललेल्या नाहीत.

मी तो कागद उचलून प्रूफच्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. सहीचं प्रूफ शेजारी ठेवलं. दोन्हीवर भिंग फिरवलं. एकावर टिंबं, एकावर टिंब नाही. कित्येक महिन्यांनी ती खिडकी उघडली. तिथं लिहिलेलं होतं, कन्टोन.

स्वातीला हाक मारली. म्हणालो, हाफटोन लाव आणि तेच पान काढ. प्रिंटर सरकायला लागला, मुंगीच्या चालीनं. आम्ही दोघं त्याच्यावर वाकलेलो. हाताएवढा कागद बाहेर आला आणि स्वाती म्हणाली, काका. त्याच्यावर लहरी होत्या! त्याच, तशाच, मशीनवर होत्या त्याच जागी! खरं सांगतो, मला आनंद झाला. लाज नंतर वाटली. आधी वाटलं, सापडला चोर. पाणी नाही, शाई नाही, मशीन नाही. चोर आमच्या टिंबातच होता आणि योग्य ड्रायव्हर लावला असता तर त्यानं आठवडाभर आधीच ओरडून सांगितलं असतं.

पण चोर सापडला म्हणून माल मिळत नाही. लहरी घालवायच्या कशा? पुस्तकात शिकलेलं माझ्याकडं काही नव्हतं. चाचा फाटकाजवळ बाकावर बसले होते, कापड मांडीवर घेऊन. मी त्यांना म्हणालो, चूक माझी आहे, सहीचा कागद मीच खोटा दिला. ते एवढंच म्हणाले, जुम्म्यापर्यंत कापड माझं आहे, नंतर नाही.

घरी गेलो. जेवण नको म्हणालो. ही पीठ चाळत होती. काय झालं ते तिनं विचारून घेतलं, तुकड्यातुकड्यानं, कारण मी सरळ सांगत नव्हतो. "मी म्हणलं होतं" हे तीन शब्द तिच्या तोंडातून निघाले नाहीत. ते न निघणं मला जास्त लागलं.

तिनं हातातली चाळणी झटकली. मग वरच्या फळीवरून जुनी चाळणी काढली. जुनीला भोक पडलं होतं म्हणून नवी आणली होती, पण जुनी टाकलेली नव्हती. ही काहीच टाकायची नाही. दोन्ही एकावर एक ठेवल्या आणि खिडकीच्या उजेडाला धरल्या.

"हे बघा."

बघितलं. दोन जाळ्या एकमेकींवर आणि त्यांच्यात लहरी! मोठ्या, जाड, हिमरूवर होत्या तशाच. एका चाळणीत लहर नाही, दुसरीत नाही, दोघी भेटल्या की लहर. मग तिनं वरची चाळणी हळूहळू फिरवली, पातेल्यावरचं झाकण फिरवावं तशी. लहरी बारीक झाल्या. अजून फिरवली, अजून बारीक. अजून जरा. गेल्या.

"तुमची टिंबं रांगेनं असत्यात ना?" ती म्हणाली. "कापडाचे धागे बी रांगेनं. रांगेला रांग लागली की असं व्हतं. कापड तिरपं धरा."

मी ताडकन उठलो. गुडघे विसरलो. आम्ही प्रेसवाले चार रंगांची टिंबं चार वेगवेगळ्या कोनांत फिरवून छापतो ते ह्याचसाठी, एका रंगाची रांग दुसऱ्याला लागू नये म्हणून. इतकी वर्षं हे मला पाठ होतं. पण कापड ही पाचवी जाळी आहे हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ते पीठ चाळणाऱ्या बाईच्या डोक्यात आलं. त्या रात्री मी तीन भाकरी खाल्ल्या.

बुधवारी दोन्ही चाळण्या पिशवीत घालून प्रेसमध्ये नेल्या. मालकांच्या टेबलावर एकावर एक ठेवून फिरवून दाखवल्या. मालक खुर्चीतून उठले. म्हणाले, रंगनाथराव, कमाल केलीत, कुठून सुचलं हे? आणि मी म्हणालो, सुचलं.

हे लक्षात ठेवा.

स्वातीनं आधी कॉम्प्युटरमध्येच फोटो फिरवून बघितला. लहरी कमी झाल्या, पण धागा वितळल्यासारखा मऊ झाला. चाचांनी मान हलवली. म्हणजे फोटो नव्यानंच काढायचे, कापड खरोखर तिरपं धरून. फोटोग्राफरनं आणि मी एक कापड धरून बघितलं. आमचे हात असे की कापड एकीकडं ताणलं जायचं, दुसरीकडं लोंबायचं. शंभर वर्षांचं कापड, चाचा ओरडले, नक्को, नक्को, हात काढा. संध्याकाळी मी हिला म्हणालो, उद्या चल. ती म्हणाली, दुकानाच्या सात साड्या द्यायच्यात. मी म्हणालो, त्या दुकानदाराला मी बोलतो. तिनं माझ्याकडं असं बघितलं की, ह्याला कधी बोलता येतं?

गुरुवार! आख्ख्या नोकरीत असा दिवस मला दुसरा मिळाला नाही. गोदामाचं मोठं शटर उघडून उत्तरेचा उजेड आत घेतला. फोटोग्राफर, मी, आत स्वाती, बाकावर चाचा, आणि मधे ही, पदर खोचून. पहिल्याच कापडाला चाचा अडले. म्हणाले, "भाभी, हमारे घर में कपडा टेढा नै रखते. सीधा बुना, सीधा रखना."

ही म्हणाली, "चाचा, आंगावर घातल्यावर कुठलं कापड सरळ ऱ्हातं?"

चाचा मग हसायला लागले, दाढी हलेपर्यंत. "हौ. ये बात दादाजान को कोई नै बोल्या."

मग कामाला जी गती आली! ही कापडाची दोन टोकं बोटांत धरायची, ताण नाही, झोळ नाही, आणि तिरपं सोडायची. फोटो निघाला की मी कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन आत पळायचो, पळायचो म्हणजे माझ्या गुडघ्यांनी जेवढं. स्वाती हाफटोन लावून हातरुमालाएवढा तुकडा काढायची, आख्खं पान काढायला वेळ नव्हता. आम्ही भिंग लावायचो. लहर दिसली की मी दारातून ओरडायचो, अजून जरा. ही अजून जरा फिरवायची. काही कापडं पहिल्याच फटक्याला बसली. बदामी बुट्टीच्या एका कापडानं घाम काढला, पाच वेळा फिरवलं तरी एका कोपऱ्यात लहर राहायचीच. शेवटी हिनं कॅमेरा थोडा जवळ आणायला लावला. म्हणाली, वीण मोठी दिसली तर रांग चुकंल. चुकली! स्वातीनं आत टाळ्या वाजवल्या. प्रेसमधले लोक जेवायची सुट्टी सोडून दारात येऊन उभे होते, क्रिकेटची मॅच बघावी तसे. तुकडा बाहेर आला की कुणी तरी विचारायचं, गेली का? मी सांगायचो, गेली! ऊन उतरायच्या आत अकराच्या अकरा कापडं झाली.

मालक येऊन बघून गेले. त्यांना वाटलं, बाई नवऱ्याला मदत करायला आली.

शुक्रवारी सकाळी सगळी प्रूफं हाफटोनमध्ये काढली, खरखरीत, टिंबं दाखवणारी, आणि चाचांपुढं ठेवली. प्रत्येक पानाशेजारी त्याचं कापड. मी म्हणालो, चाचा, हे आधीच्यापेक्षा कमी सुंदर दिसेल, पण हे खरं आहे. त्यांनी भिंग मागून घेतलं. एकेक कापड बघून झालं की त्याला घडी घालून पेटीत ठेवत होते. अकरावं ठेवलं आणि झाकण लावलं. मग सह्या केल्या. दुपारी पेटी गेली. पुढच्या आठवड्यात पुस्तक छापलं, टँकरच्याच पाण्यावर, आणि एका पानावर लहर नव्हती.

दसऱ्याला आम्ही मशीनची पूजा करतो. झेंडूच्या माळा, नारळ, सगळ्यांच्या घरची माणसं येतात. त्या वर्षी मालकांनी माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. हिमरूचं पुस्तक हातात धरून म्हणाले, ही अक्कल कॉलेजात मिळत नाही, रंगनाथराव, दोन शब्द बोला. ही बायकांमध्ये बसली होती, हातात प्रसादाची वाटी. मी उभा राहिलो. बोलायला चांगली संधी होती. समोर शंभर माणसं होती आणि ती होती.

मी म्हणालो, "अनुभव असतो, साहेब."

टाळ्या पडल्या. ती पण वाजवत होती, वाटी मांडीवर ठेवून.

घरी जाताना रिक्षात मी घड्याळ मांडीवर घेऊन बसलो होतो. ती सेव्हन हिलच्या पुलावर म्हणाली, "चाळण्या तेवढ्या घरी आणा. चार महिने झाले, शेजारणीची मागून पीठ चाळतेय."

दुसऱ्या दिवशी आणल्या. त्या विषयावर आमचं पुढं कधी बोलणं झालं नाही. मी काढला नाही, तिनं काढला नाही. ती रागात नव्हती, तसं असतं तर मला सोपं गेलं असतं. ते घड्याळ अजून चालतं.

मागच्या फाल्गुनात ही गेली. सकाळी मशीनवर बसली होती, सुईत दोरा ओवलेला. जास्त काही लिहीत नाही.

ह्या पावसाळ्यात सून म्हणाली, फळ्या काढून ट्रॉल्या बसवू, सगळे बसवतात. मी म्हणालो, बसवा. डबे खाली घेतले, कागद काढायला मीच बसलो. वर पेपरचा कागद, खाली बिल्डरचा तलाव, त्याखाली कुणाची तरी लग्नपत्रिका. ज्वारीच्या डब्याच्या जागी तळाला दोन प्रूफं सापडली. एक ते पहिलं, गुळगुळीत, घडी केलेलं. दुसरं बदामी बुट्टीचं, हाफटोनचं, गुरुवारचं, हातरुमालाएवढं, पानाच्या कोपऱ्याचं. ते तिनं कधी आणलं मला माहीत नव्हतं. पानाच्या कडेला, जिथं पुस्तक छापल्यावर कटिंग मशीनचं पातं फिरतं आणि बोटभर कागद उडतो, त्या पट्टीत कापड धरलेली दोन बोटं होती. नखाला हळद, बोटाला सुईचा काळा डाग. पुस्तकाच्या सगळ्या प्रतींतून ती बोटं कापून गेली. कापायची खूण मीच मारली होती. छपाईत ते बरोबरच आहे, कडेचं कापायचंच असतं.

मी भिंग काढलं, सवयीनं. बोटं गेली, टिंबं राहिली. भिंग बाजूला केलं, बोटं आली. किती तरी वेळ तेच करत बसलो. सून आत येऊन बघून गेली.

तर माझी अट. संपादक म्हणत होते, लेखासोबत तुमचा आणि वहिनींचा जोडीनं फोटो द्या. मी नको म्हणालो. फोटो छापला की तो फुटणार, त्याची टिंबं होणार, ते मला आता बघायचं नाही. त्याऐवजी तिचं नाव छापा, साध्या काळ्या अक्षरात. काळ्या अक्षराला टिंब नसतं. त्याला ना कन्टोन लागतो ना हाफटोन, प्लेटवर ते अख्खं बसतं आणि ह्या काठापासून त्या काठापर्यंत शाई सलग लागते. लग्नातल्या उखाण्यानंतर हे नाव मी कधी घेतलं नाही आणि जिथं घ्यायला पाहिजे होतं तिथं शंभर माणसांपुढं गिळलं. आता छापून घेतो. मशीनवर चढलेलं परत पुसता येत नाही.

बशीरचाचांच्या हिमरूवरच्या लहरी गयाबाई रंगनाथ जाधव यांनी घालवल्या.

भिंग लावून बघा.